नळीतले ठोके

आधीच सांगून ठेवतो, चांदसाहेब मिस्त्रीला पाचगणीला जायचं मुळीच नव्हतं. उभा जन्म मिरजेच्या लोकोशेडात इंजिनांच्या बॉयलरमध्ये शिरण्यात गेलेला. गुडघे पार कामातून गेले होते, कूस बदलली तरी हाडं बोलायची. लढाई संपून वर्ष होत आलं, तरी शेडमधलं काम काही आटपत नव्हतं. कशीबशी रजा मिळाली होती आणि त्या रजेत ह्या बाबाला दुसरं काही नको होतं. पडवीत घोंगडी टाकायची, नि कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही.

पण बायकोच्या माहेरगावच्या, रहिमतपूरच्या मनुबाईचा निरोप आला. तिचा लेक हंबीरराव पलटणीत हवालदार होता. इटलीतून परत आला तो छातीत लोखंड घेऊनच. एकच फुप्फुस धड राहिलेलं. डॉक्टरनं बजावलं होतं, हवा पाचगणीचीच पाहिजे, पण गारठा लागता कामा नये. पोरानं अंथरूण सोडता कामा नये. ऊसवाली बाई ती, एका निघून गेलेल्या साहेबाचा बंगला तिनं भाड्यानं घेतला. त्या साहेबानं विलायतेहून ऊबेचं यंत्र आणून बसवलेलं. तळघरात बॉयलर, त्यातून वाफ नळीनं वर चढायची आणि खोल्याखोल्यांत भिंतीशी उभ्या केलेल्या लोखंडी शेगड्या तापायच्या. विस्तव नाही, धूर नाही. पोरासाठी त्याहून बरं काय?

आणि आता पावसाळ्याच्या ऐन मध्यावर त्या नळ्या हाणायला लागल्या होत्या. घण घातल्यासारखा आवाज. पोराच्या डोळ्याला डोळा लागेना. वाफ बंद करावी तर लेक गारठ्यानं जातोय, चालू ठेवावी तर जागरणानं जातोय. निरोप घेऊन आलेला माणूस एवढं सांगून पडवीतच उभा राहिला. नूरजहांनं, म्हणजे चांदसाहेबाच्या बायकोनं, नवऱ्याची हत्यारांची पिशवी आणून दारात ठेवली. चांदसाहेबानं पिशवीकडं बघितलं, बायकोकडं बघितलं आणि वहाणा घातल्या.

वाठार स्टेशनला उतरून मोटारीनं वाई, वाईहून पसरणीचा घाट. घाटात धुकं असं दाटलं की मोटारीचा क्लीनर पुढं चालत रस्ता दाखवत होता. पाचगणीच्या स्टँडवर भर दुपारी कंदील घेऊन एक माणूस उभा होता. तो बंगल्यावरचा गुंडा. स्वयंपाक तोच करायचा, बॉयलरमध्ये लाकडं तोच घालायचा.

"मिस्त्री न्हवं तुमी? चला बिगीबिगी."

"बिगीबिगी कशाची रं? गुडघं बघ माझं. आवाज कसा येतुय, त्ये सांग."

गुंडा चालता चालता थांबला. "तीनदा येतुया. मग गप. मग पुन्यांदा तीनदा. म्या लाकडं कमी घालून बगितली, जास्ती घालून बगितली. पर त्येचं तेच."

"पानी साचलं असंल नळीत. वाफ आली की ते उचलून आपटती. आमच्या शेडात म्हनत्यात, पानी मारतंय."

"पानीच आसंल म्हना," गुंडा म्हणाला आणि कंदील वर धरून पुढं चालायला लागला.

बंगल्याच्या तिन्ही बाजूंना सिल्व्हर ओकची झाडं, चौथ्या बाजूला डोंगराचा काळा कातळ. घर त्या कातळाला पाठ लावूनच बांधलेलं. आत ओल्या लोकरीचा आणि औषधाचा वास. मनुबाई दारातच आली. जागरणानं बाईचे डोळे खोल गेलेले, पण पदर नीट, आवाजही नीट.

"आलासा भाऊ? लय उपकार झालं. आदी च्या घ्या."

"च्या मागनं, आक्का. पोराला बघू दे."

हंबीरराव वरच्या खोलीत होता. खाट अगदी शेगडीला चिकटून. एवढा दांडगा हवालदार, पण खाटेवर नुसता सांगाडा उरला होता. उजवा हात शेगडीच्या लोखंडावर ठेवलेला आणि त्याच्या बोटांची पेरं सोललेली. चांदसाहेब काही विचारणार, तेवढ्यात खालून आवाज आला.

ठाण्. ठाण्. ठाण्.

खोलीतल्या तांब्यावरचं फुलपात्र थरथरलं. आवाज विरला तसं हंबीररावानं सोललेल्या पेरानं शेगडीवर हळूच दोनदा वाजवलं. टक्, टक्.

"असंच करतंय बगा," मनुबाई कुजबुजली. "आवाज आला की ह्येचं टकटक. झोपंना झालंय त्ये ह्याच्याच पायी. तापाचं येड, दुसरं काय?"

हंबीररावानं डोळे उघडले. नजर साफ होती, तापातली वाटत नव्हती. "चाचा, काम हळू करा हां," तो म्हणाला. "खाली मानसं हायती."

"व्हय व्हय, हळूच करतु," चांदसाहेब म्हणाला. आजाऱ्याला आणखी काय सांगायचं? तुम्हीआम्हीही तेच म्हटलं असतं.

तळघर म्हणजे कातळातच खणलेली एक बुटकी खोली. तीन भिंती घडीव दगडांच्या, आणि चौथीही दगडांचीच, पण तिच्यामागं डोंगर. मधोमध बॉयलर. त्याच्या पोटातून एक जाड नळी वर छताशी जाऊन आडवी पळत होती. दुसरी एक बारीक नळी तळाशी त्या चौथ्या भिंतीत शिरली होती. ती बॉयलरमधलं घाण पाणी सोडायची. भिंतीपलीकडं ती कुठं निघते, हे गुंडालाही ठाऊक नव्हतं.

चांदसाहेब कंदील वर धरून आडव्या नळीखालून चालत गेला. दुखणं लगेच सापडलं. नळीला उतार पाहिजे बॉयलरकडं. वाफ थंडावली की तिचं पाणी होतं, ते पाणी गुमान परत खाली यायला हवं. इथं नळी पेलणारा एक आकडा गंजून गळाला होता आणि नळीला मध्येच पोट सुटलं होतं. त्या पोटात पाणी तुंबायचं. मागनं वाफ यायची, पाण्याचा तो गोळा उचलायची आणि कोपऱ्यातल्या वळणावर नेऊन आदळायची. सोपं काम. एवढ्यासाठी मिरजेहून माणूस!

त्यानं फडकं घेऊन नळीच्या पोटाला तळहात लावला आणि वाट बघितली. ठाण्. ठाण्… ठाण्.

त्याच्या कपाळाला आठी पडली. बॉयलरमधला विस्तव चांगला रसरसलेला होता, मग ठोक्यात जोर का नाही? वाफ मारते ती एकाच जोमानं मारते. हा ठोका पहिल्याला जड, दुसऱ्याला हलका, आणि तिसरा कसाबसा. शेडात दिवसभर घण घालून संध्याकाळी त्याचा स्वतःचा हात असाच पडायचा. पण तो दमला होता, प्रवासानं अंग आंबलेलं होतं, आणि दमलेला माणूस फार खोलात शिरत नाही. त्यानं गुंडाला बॉयलरमधला विस्तव बाहेर ओढायला सांगितला.

नळी थंड होईस्तोवर त्यानं चहा घेतला. मग सांधा सोडवला, तुंबलेलं तांबडं पाणी बादल्यांत काढलं. नळीखाली लाकडी धिरा देऊन ती बोटभर वर उचलली, नवा आकडा ठोकला, सांधा आवळला. गुडघ्यांनी पार शिव्या दिल्या. गुंडानं पुन्हा विस्तव घातला. वाफ धरली, नळी तापत तापत वळणापर्यंत गेली, वळण ओलांडून वर गेली. आवाज नाही. दोघं जण कान देऊन उभे राहिले. नळीत पाणी परतत असल्याची बारीक झुळझुळ तेवढी ऐकू येत होती.

"झालं?" गुंडानं विचारलं.

"झालं."

गुंडा हसत भाकऱ्या थापायला गेला. चांदसाहेब तिथंच पायरीवर टेकला. भिंतीला डोकं लावून क्षणभर डोळे मिटले. आता जेवायचं आणि आडवं व्हायचं, बस्स.

तेवढ्यात वर काहीतरी धाडकन पडलं आणि मनुबाईची हाक आली.

तो वर पोचला तेव्हा हंबीरराव खाटेखाली होता. पालथा पडून फळीच्या जमिनीवर नखांनी उकरत होता. फळीवर रक्ताचे ओरखडे उठलेले. मनुबाई त्याला कंबरेला धरून मागं ओढत होती आणि तो सांगाडा तिला आवरत नव्हता.

"थांबले त्ये," हंबीरराव म्हणत होता. "चाचा, ठोके थांबले… काय केलंसा तुमी?"

दोघांनी मिळून त्याला खाटेवर घातलं. खोकला आला, उशीवर लाल ठिपके पडले. मग धापा टाकत, अडखळत त्यानं जे सांगितलं ते असं. इटलीत एका डोंगरी गावात तोफेच्या गोळ्यानं घर पडलं, आणि त्याची काही पोरं तळघरात गाडली गेली. त्या घरात अशाच ऊबेच्या नळ्या होत्या. खालची पोरं नळीवर तीनदा ठोकायची, म्हणजे आमी जित्ते हाय. वरनं दोनदा ठोकायचं, म्हणजे ऐकलं, खणतुया. पलटणीतला तसा रिवाजच होता. हंबीररावानं नळीवर हात ठेवून जाब द्यायचा आणि बाकीच्या पोरांनी दगड उपसायचे. दिवस गेला, रात्र गेली, आणखी एक दिवस गेला. ठोके दमत चालले. मग पुढं कूच करायचा हुकूम आला. हंबीररावानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. शेवटी ठोकेच थांबले.

"तवा म्या पोरास्नी म्हनालो, चला. आता कुनी न्हाई आत." तो छताकडं बघत होता. "दगूड उपसनारी पोरंबी फुडच्या हप्त्यात सुरुंगावर गेली. सगळी. म्या येकटा ऱ्हायलो. हितं आलो तर हितं ठोके यायला लागले, चाचा… म्हंजी हुतीच की ती जित्ती. म्या जाब देत हुतो, म्हनून दम धरून हुती. आता तुमी त्यास्नी मारलंसा."

आवं, ते पाणी होतं, गंजलेला आकडा होता, हे चांदसाहेब सांगायला गेला. पण हंबीरराव पुन्हा उठायला बघत होता. खाली जाऊन खणतो म्हणत होता. मनुबाई त्याच्या अंगावर आडवी पडली होती.

"भाऊ," ती म्हणाली, आणि आता मात्र तिचा आवाज फुटला, "हुतं तसं कर रं बाबा. वाजू दे त्ये. न्हाईतर ह्यो आत्ताच जातुय माझ्या हातातनं."

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, दुसरं काय! चांदसाहेब जिना उतरायला लागला. म्हणजे पुन्हा विस्तव ओढायचा, नळी थंड करायची, आकडा काढायचा, पोट पाडायचं. त्यात संध्याकाळ जाणार. आणि त्याच्या हातात तर आता पान्हा धरायचीही ताकद नव्हती. तळघरात येऊन तो नळीखाली उभा राहिला. खिडकीच्या झडपेतून धुक्याचा राखाडी उजेड येत होता. पायाशी पिशवी, तिच्यात हातोडी अगदी वरच पडलेली.

पोराला ठोकाच हवाय ना? मग वाफेनं दिला काय आणि मी दिला काय!

त्यानं हातोडी उचलली आणि नळीवर तीनदा ठोकलं. पहिला नेटानं पडला. दुसरा हलका. तिसरा कसाबसा. मुद्दाम नव्हे, हातच तसा झाला होता.

तो थांबला. जाब आला. टक्, टक्.

चांदसाहेबाला हायसं वाटलं. डोळ्यांत पाणीच आलं त्याच्या, खोटं कशाला सांगू! पोरगं शांत झालं, शेगडीवर हात ठेवून पडलं असणार. त्यानं थोडा दम खाऊन पुन्हा तीन दिले. पुन्हा दोन आले. असं बराच वेळ चाललं. तो बॉयलरशेजारी बसला, पाय पसरले, ऊब अंगात शिरत होती. डोळे मिटूनच तो हात लांबवून नळीच्या बुडाशी ठोकत होता आणि डोळे मिटूनच जाब ऐकत होता. हे असं झोप लागेस्तोवर करायचं, पोराला किंवा आपल्याला.

जिन्यावर पावलं वाजली. मनुबाई अर्ध्यावर येऊन थांबली. तोंडाला पदर लावलेला, त्या पदराआड ती रडत होती आणि हसतही होती.

"निजला, भाऊ," ती कुजबुजली. "गाढ निजला… कवाधरनं असा निजला नव्हता. माझ्या हातात हात दिऊन निजलाय."

"आत्ताच निजला व्हय?"

"छा! पयला ठोका ऐकला आन् डोळा लागला त्येचा. तवाच निजला की. आता उटवू नगासा कुनी त्येला."

ती आली तशी पाय न वाजवता वर गेली.

चांदसाहेबाच्या हातातली हातोडी मांडीवर आली. पहिल्याच ठोक्याला निजला… मग जाब कोण देतंय?

त्यानं वरच्या नळीला हात लावला. ती नुसती गरम होती. मग मनाविरुद्ध, अगदी मनाविरुद्ध, तो रांगत त्या बारीक नळीपाशी गेला, भिंतीत शिरलेल्या. तिच्यावर तळवा टेकवला. ठोकायची त्याला हिंमत नव्हती. पण त्यानं ठोकलं नाही तरी पलीकडून दोन ठोके आले, तळव्याखाली स्पष्ट लागले. टक्, टक्.

ऐकलं. खणतुया.

आता त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि पाचावर धारण बसली. त्यानं गाडलेल्या माणसाचा ठोका दिला होता. ह्या घरातून दिला होता. ज्या पोरांना आत आता कुणी नाही असं सांगून हवालदारानं मागं फिरवलं होतं, सुरुंगावर गेलेल्या त्या पोरांनी तो ऐकला होता. आणि ती निघाली होती.

भिंतीमागून आवाज यायला लागला. खोऱ्याचा नव्हे, पहारीचा नव्हे. दगड उचलल्याचा. एक दगड उचलायचा, दुसऱ्याच्या हातात द्यायचा, त्यानं बाजूला ठेवायचा. मग पुढचा. भिंतीमागं कातळ होता, अखंड डोंगर. त्यात उचलायला सुटे दगड कुठून? पण ते हात घाईत नव्हते. दमले होते, तरी थांबत नव्हते. चांदसाहेबाला ते दमणं ओळखीचं वाटलं, आणि त्याचीच त्याला जास्त भीती वाटली.

हंबीररावाला उठवावं… तो हवालदार त्यांचा, त्यानं एक शब्द टाकला तर थांबतील. चांदसाहेब जिन्यापर्यंत गेला. वर खोलीचं दार उघडं होतं, आणि मनुबाई हळू आवाजात काहीतरी गुणगुणत होती, लेक पाळण्यात असताना गुणगुणली असेल तसं. पोराचा श्वास खालपर्यंत ऐकू येत होता. लांब, सरळ, कुठंही न अडकणारा. ह्या श्वासासाठीच तर ती बाई एवढी झिजली होती. स्वयंपाकघरातून गुंडाच्या भाकरीचा वास आला.

चांदसाहेबाला पुढची पायरी चढवेना. गुडघ्यांनी नाही, मनानंच नाही म्हटलं. तो तिथंच पायरीवर बसला.

मागं भिंतीतला एक दगड सरकला. घरंगळला नाही की पडला नाही. तो आतून बाहेर, पलीकडं, कुणीतरी जपून काढून घेतला. त्या भोकातून चुन्याचा आणि जळक्या लाकडाचा वास आला. आणि मग एक आवाज… धाप लागलेला, हळू, ओळखीच्या मुलखातला. कृष्णेकाठच्या कुठल्याही गावच्या पोराचा असावा तसा.

"कोन हाय का आत?… किती जन हायसा?"

चांदसाहेबानं तोंडावर हात दाबून धरला. त्यानं जाब दिला नाही. ठोका नाही, शब्द नाही, श्वाससुद्धा नाही.

वर मनुबाईचं गुणगुणणं थांबलं. आणि झोपेतच, पण हवालदाराच्या खड्या आवाजात, हंबीररावानं उत्तर दिलं.

"चौघं."

त्या वेळी बंगल्यात खाटेवर तो होता, उशाशी त्याची आई, चुलीपुढं गुंडा आणि पायरीवर चांदसाहेब.

भिंतीपलीकडं कुणीतरी "बरं" म्हटलं, आणि दुसरा दगड निघाला.